गर्दीची तबकडी

म्हातारीनं पहिल्यांदा सांगितलं ते जूनमधल्या एका मंगळवारी, आणि ब्लाझेनानं ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं.

"आज व्हेन्सिल मॅचला आला होता," म्हातारी म्हणाली. मांडीवर मटाराच्या शेंगांचं भांडं घेऊन ती रेडिओला कान टेकवून बसली होती.

"कोण आला होता, मामिंको?" सासूला ब्लाझेना मामिंको, म्हणजे आई, म्हणायची.

"माझा व्हेन्सिल. केवढ्यानं ओरडला! तू भांडी आपटत होतीस, तुला काय ऐकू येणार."

व्हेन्सिल म्हणजे म्हातारीचा एकुलता एक मुलगा आणि ब्लाझेनाचा नवरा. सहा वर्षांपूर्वी, तेहेतीसच्या फेब्रुवारीत, गोठलेल्या मिसिसिपीवर बर्फाला भोक पाडून मासे धरायला म्हणून गेला तो परत आलाच नाही. भोकाच्या कडेला त्याची टोपी सापडली, जाड कोट सापडला, गळ सापडला. बर्फ वितळल्यावर गावातल्या माणसांनी चार दिवस नदीत आकडे टाकले. प्रेत मिळालं नाही. फादरनी रिकाम्या शवपेटीवर प्रार्थना म्हटली, बोहेमियन, म्हणजे चेक लोकांच्या स्मशानात दगड उभा राहिला, आणि दोघी बायका एका घरात एकमेकींच्या आधारानं राहू लागल्या. ब्लाझेना शिंपल्यांच्या बटणांच्या कारखान्यात बटणं निवडायच्या टेबलावर बसायची. व्हेन्सिलही तिथलाच, शिंपल्यांतून बटणं कापणारा. त्याच्या जागी आता दुसरा माणूस होता.

म्हातारीला डोळ्यांनी जेमतेम उजेड-अंधार कळायचा, पण कान मात्र शाबूत होते. बेसबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. इंग्रजीही दुकानापुरतंच. पण मुलगा ऐकायचा म्हणून तीही ऐकायची. फेरी पॉइंटचा संघ, पायलट्स, गावात खेळत असला की मैदानावरचा गोंगाट वाऱ्याबरोबर थेट स्वयंपाकघरात यायचा. संघ बाहेरगावी गेला की संध्याकाळी साडेसहाला समालोचक डेल हॉकेटचा आवाज लाकडी रेडिओतून यायचा.

वय झालंय, ब्लाझेनानं मनाशी म्हटलं आणि उरलेली भांडी पुसली.

पण गुरुवारी म्हातारी परत तेच म्हणाली. शनिवारीही. आणि पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी पायलट्स डिकेटरला खेळत असताना ब्लाझेना स्वतःच रेडिओशेजारी बसून मोजा रफू करत होती. सातवा डाव. आपला एक गडी पळत पळत तिसऱ्या बेसपर्यंत पोचला होता. आणखी एक टप्पा, की तो 'होम'ला, म्हणजे घरी, आणि एक रन. हॉकेटचा श्वास लागला होता. मागं गर्दी खवळलेली. आणि त्या गर्दीतून, लांबून, पण अगदी स्वच्छ, त्यांच्या बोहेमियन भाषेत एक लांबलचक हाक आली :

"पेपिऽऽक! घरी येऽऽ!"

सुई तिच्या बोटात गेली.

त्या संघात पेपिक नावाचं कोणी नव्हतं. कधीच नव्हतं. ती व्हेन्सिलची गंमत होती. तिसऱ्या बेसवर कोणीही असो, आयरिश असो, जर्मन असो, व्हेन्सिल तोंडाभोवती हात धरून त्याला पेपिक म्हणून हाक मारायचा. जणू जेवण वाढून ठेवलंय आणि पोरगं अजून रस्त्यावर हुंदडतंय. हाकेच्या शेवटी आवाज फुटायचा, वर जाऊन कोंबड्यासारखा. सगळं मैदान हसायचं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ब्लाझेना त्याच्या शेजारी बसून लाजेनं पदराआड तोंड लपवावं तसं टोपी खाली ओढून घ्यायची. जगात ती हाक एकाच माणसाची होती.

"आता तरी ऐकलंस?" म्हातारी म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता.

बोटावरचं रक्त ब्लाझेनानं मोज्याला पुसलं.

तिनं मग दोन आठवडे वर्तमानपत्रातलं वेळापत्रक कापून चुलीच्या वर टाचून ठेवलं. डिकेटर, मग मोलीन, मग इव्हान्सव्हिल. प्रत्येक गावी हाक आली. कधी एकदा, कधी दोनदा, आणि दर वेळी बरोबर तिसऱ्या बेसवर माणूस असताना. म्हणजे तो संघाच्या मागून गावोगाव फिरतोय. आगगाडीनं, नाहीतर कोणाच्या मालगाडीत बसून. इव्हान्सव्हिलला आहे आणि इथं घरी येत नाही. घरी मॅच असते तेव्हा का नाही येत? लाज वाटते? ओळखतील म्हणून? कारखान्यात शिंपल्यांचा पांढरा भुगा उडत असताना ती हेच घोळवत राही. बटणं चुकीच्या खोक्यात पडू लागली. मुकादम म्हणाला, "मिसेस झेलेन्का, लग्न ठरलं म्हणून आत्तापासून हवेत चालायला लागलात काय?"

लग्न खरंच ठरत आलं होतं. हॅल्वोर एस्केडाल, लोखंडी सामानाच्या दुकानाचा मालक, विधुर, नॉर्वेच्या लोकांतला. कमी बोलायचा, आणि बोललेलं करायचा. गेली दोन वर्षं तो दर रविवारी पायरीवर एक पिशवी ठेवून जाई. कधी बटाटे, कधी सफरचंदं, एकदा म्हातारीच्या खोलीच्या दाराला नवी बिजागरी. सात वर्षं पुरी झाली की कोर्टातून व्हेन्सिलला मृत ठरवून घ्यायचं आणि मग लग्न, असं दोघांनी ठरवलं होतं. सात वर्षं पुढच्या फेब्रुवारीत भरत होती.

जुलैतल्या एका शनिवारी कारखाना अर्धा दिवस सुटला तेव्हा ब्लाझेनानं चर्चला जायचा पोशाख घातला आणि ती फर्निचरच्या दुकानावरच्या रेडिओ स्टेशनात गेली. ती विचारायला गेली होती, की मिस्टर हॉकेट, तुम्ही संघाबरोबर गावोगाव फिरता, तर गर्दीत एक असा असा माणूस पाहिलात का.

डेल हॉकेट स्वतःच जिन्याच्या तोंडाशी सँडविच खात बसला होता. रेडिओवर तो सहा फूट वाटायचा. प्रत्यक्षात बुटका, टक्कल पडलेला, पायात घरच्या सपाता.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग हसत म्हणाला, "बाई, मी गावोगाव फिरतो असं तुम्हाला कोणी सांगितलं? अहो, मी डिकेटर पाहिलेलं नाही. मला आगगाडी लागते."

"पण तुम्ही तिथून बोलता ना."

"मी इथून बोलतो. या, दाखवतो. गावात निम्म्यांना ठाऊक आहे. उरलेल्या निम्म्यांना सांगू नका म्हणजे झालं."

आतली खोली ब्लाझेनाच्या स्वयंपाकघराहून लहान होती. एका कोपऱ्यात तारेचं यंत्र. मैदानावरचा तारवाला तिकडून एकेका चेंडूची खबर दोन-तीन अक्षरांत पाठवायचा, इथला माणूस ती कागदावर उतरवून हॉकेटसमोर सरकवायचा, आणि हॉकेट त्या चिटोऱ्यावरून आख्खं मैदान उभं करायचा. धूळ, ऊन, पंचाशी भांडण, सगळं. दोरीला लाकडाचा एक तुकडा टांगला होता. त्यावर त्यानं छडी मारून दाखवली आणि ब्लाझेना दचकली, कारण गेली कित्येक वर्षं ती ज्याला बॅटचा आवाज समजत होती तो हाच.

"आणि माणसं?" तिनं विचारलं. "ओरडणारी?"

"माणसं या इथं." हॉकेटनं टेबलावरच्या फिरत्या चकतीवर थाप मारली. तिच्यावर परातीएवढी काळी तबकडी होती. "एप्रिलमध्ये विकत घेतली. आमची गर्दी. बटण फिरवलं की कमी, फिरवलं की जास्त. एक म्हातारी मला पत्र लिहिते, की इव्हान्सव्हिलचे लोक फार उद्धट आहेत. तीच माणसं मोलीनला सभ्य असतात, काय करणार!"

ब्लाझेनाला हसू आलं नाही. "तो ओरडणारा माणूस..."

"हां, तो! आमचा कोंबडा!" हॉकेटला आनंद झाला. "काय म्हणतो ते आम्हाला इथं कोणाला कळत नाही, पण काय गळा आहे! हे बघा, इथं पांढऱ्या पेन्सिलीची खूण केलीय. आपला गडी तिसऱ्या बेसवर गेला की मी सुई उचलून इथं ठेवतो. माझा हुकमी एक्का आहे तो."

मग त्यानं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि हातातलं सँडविच खाली ठेवलं.

"तुमच्या ओळखीचा आहे का?"

"मला एकदा ऐकवा," ती म्हणाली. "तुमच्या बोलण्याशिवाय."

त्यानं खुर्ची दिली, सुई ठेवली आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. हे त्यानं न सांगता केलं म्हणून ब्लाझेनानं त्याला पुढं कधी वाईट म्हटलं नाही.

आधी नुसती खरखर. मग लोक. रेडिओतून ऐकताना ती गर्दी म्हणजे एक सलग गुरगुर वाटायची. इथं ती सुटी सुटी ऐकू येत होती. कोणी शेंगदाणे विकत होता, कोणी खोकत होता. एका बाईचं हसणं अगदी जवळून गेलं. आणि मग तो, जणू पुढच्याच बाकावरून :

"पेपिऽऽक! घरी येऽऽ!"

आणि लगेच मागून, एका श्वासाच्या अंतरानं, एक बारीक आवाज. रेडिओवर हॉकेटच्या बोलण्याखाली तो नेहमी बुडायचा. तीन-साडेतीन वर्षांच्या पोराचा आवाज, त्यांच्याच बोहेमियन भाषेत, पण बोबडा, इथल्या इंग्रजी वळणाचा :

"घली ये, पेपिक!"

आणि तो हसला. व्हेन्सिल. ते हसणं तिच्या ओळखीचं होतं. पोटातून निघून नाकातून बाहेर पडायचं.

तिनं सुई उचलून परत मागं ठेवली. असं पाच वेळा केलं. पाचव्या वेळी तिला पोराच्या आधीचा त्याचा श्वासही ऐकू आला. मग तबकडी आपली आपण पुढं फिरत राहिली, लोक ओरडत राहिले, आणि ब्लाझेना मधल्या कागदावरची अक्षरं फिरताना पाहत राहिली. शेवटी चकती थांबल्यावर तिनं वाकून वाचलं. 'मोठी गर्दी, उत्साही. टॅकोमा, वॉशिंग्टन. ऑगस्ट १९३७.'

सदतीस. त्या ऑगस्टमध्ये तिनं दगडाभोवतीचं गवत काढून पिवळी फुलं लावली होती. आणि दोन हजार मैलांवर, पार दुसऱ्या समुद्राच्या काठी, हा माणूस उन्हात बसून शेंगदाणे खात होता.

त्यांचं कधी भांडण झालं नव्हतं. तेच तिला सगळ्यात जास्त खुपलं. सहा वर्षांच्या संसारात मूल झालं नव्हतं, पण त्यानं त्यावरून कधी शब्द काढला नव्हता. दारू नाही, मारहाण नाही. नाहीसा व्हायच्या आदल्या रात्री त्यानं डंपलिंग दोनदा मागून घेतले होते.

घरी आली तेव्हा म्हातारी मागच्या पायरीवर ऊन खात बसली होती. ब्लाझेना तिच्यासमोर उभी राहिली. सांगावं की नाही हे तिनं वाटभर ठरवलं नव्हतं. तोंड उघडलं आणि ते बाहेर पडलं.

"मामिंको, तो बुडाला नाही. तो निघून गेला."

म्हातारीनं मान वर केली नाही.

"ऐकलंत का? सदतीस साली तो जिवंत होता. टॅकोमाला."

"ते कुठंय?"

"लांब. मामिंको, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?"

म्हातारी ॲप्रनच्या कडेला चिमटत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी सकाळी त्यानं माझा हात हातात घेतला आणि त्याचा मुका घेतला. मासे धरायला निघालेला माणूस आईच्या हाताचा मुका घेतो होय? आणि कपाटात त्याचे चांगले बूट नव्हते. तुम्ही सगळे नदीवर धावलात. मी घरी होते. मी हात घालून चाचपून पाहिलं. तेव्हा मला जरा जरा दिसायचंही."

"तुम्हाला माहीत होतं."

"माहीत नव्हतं. बूट नव्हते एवढंच माहीत होतं."

"सात वर्षं होत आली! मी काळे कपडे घातले. मी त्या रिकाम्या पेटीमागून चालले. तुम्ही माझा हात धरून चाललात!"

"धरला," म्हातारी म्हणाली. "तू पडशील असं वाटत होतं."

"का नाही सांगितलंत?"

"मेलेल्यासाठीचं रडं संपतं, ब्लाझेन्को. निघून गेलेल्यासाठीचं कशानं संपलं असतं? आणि..." तिचा आवाज खाली गेला. "आणि मी कुठं गेले असते? तू मला विधवेची सासू म्हणून ठेवलंस. पळून गेलेल्याची आई म्हणून ठेवली असतीस?"

ब्लाझेना आत गेली. रात्रीचं जेवण तिनं केलं, वाढलं, पण ती टेबलावर बसली नाही. पुढचे नऊ दिवस ती म्हातारीशी बोलली नाही. म्हातारीही आपण होऊन काही बोलली नाही. साडेसहाला ती रेडिओपाशी बसायची मात्र, आणि हाक आली की तिचे ओठ हलायचे. ब्लाझेना त्या वेळी अंगणात उभी राहायची. पण जुलैत सगळ्यांच्या खिडक्या उघड्या असतात. शेजारच्या घरातून, त्याच्या पलीकडच्या घरातून, कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानातून तो एकदमच ओरडायचा. सगळ्या गल्लीत एकाच वेळी. आणि हे लोक त्याच्या अंत्यविधीला आले होते, केक घेऊन आले होते. पण सहा वर्षांत ती जुनी हाक सगळे विसरून गेले होते, त्यांच्यापैकी एकालाही काही कळत नव्हतं. त्यांच्यासाठी ती मोलीनची गर्दी होती.

तिला झोप लागेनाशी झाली असं नाही, झोप लागायची. पण कारखान्यात, भर दिवसा, यंत्रांच्या घरघरीखाली तिला तो बारीक आवाज यायचा. घली ये. मोठा नाही, तो लहानच.

ऑगस्टअखेर तिनं हॅल्वोरला दुकानात गाठून व्हेन्सिलचं सांगितलं. तो खिळे तोलत होता. ऐकता ऐकता त्यानं तागडीत खिळे घालणं थांबवलं.

"आणखी कोणाला माहीत आहे?"

"म्हातारीला. हॉकेटला थोडं. त्यानं काल तबकडी मला देऊन टाकली. झिजली म्हणाला. नवी आलीय."

"कुठंय ती?"

"चादरींच्या खाली."

"मोड," हॅल्वोर म्हणाला. "चुलीत घाल. ब्लाझेना, तो स्वतःच मेला. त्यानं स्वतःच टोपी काढून ठेवली. तू कशाला त्याला उकरून काढतेस?"

"मी नाही काढला. तो रोज ओरडत होता."

"मी पंचेचाळीस वर्षांचा आहे," तो म्हणाला. त्याच्यासाठी ते पुष्कळ बोलणं होतं.

तिनं तबकडी मोडली नाही. टॅकोमाच्या कॅथलिक चर्चला मात्र पत्र लिहिलं. सहा आठवड्यांनी तिथल्या फादरचं नीटनेटकं उत्तर आलं : झेलेन्का नावाचं कुटुंब आमच्या वहीत नाही, इकडं लाकडाच्या गिरण्यांत माणसं येतात आणि जातात, नावंही बदलतात, मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन. तिनं ते म्हातारीला वाचून दाखवलं. नऊ दिवसांचा अबोला केव्हाच संपला होता. तो कसा संपला ते दोघींनाही सांगता आलं नसतं, एका सकाळी म्हातारीचा दुधाचा पेला कलंडला आणि ब्लाझेना म्हणाली, "राहू द्या, मी पुसते." एवढंच.

मार्चमध्ये काउंटी कोर्टात सुनावणी झाली. दहा मिनिटांचं काम, वकील म्हणाला होता. न्यायाधीश जाडजूड आणि दयाळू होते, सर्दीनं बेजार. त्यांनी कागदावरून वाचत विचारलं, "नवरा बेपत्ता झाल्यापासूनच्या सात वर्षांत त्याचं पत्र आलं?"

"नाही."

"कोणाबरोबर निरोप?"

"नाही."

"त्याच्याकडून काही कानावर आलं?"

वकिलानं आधीच पुढचा कागद काढला होता. मागच्या बाकावर हॅल्वोर टोपी गुडघ्यावर धरून बसला होता. 'नाही' म्हणणं किती सोपं आहे हे ब्लाझेनाला दिसत होतं. पण तिनं हात बायबलवर ठेवून शपथ घेतली होती, आणि प्रश्नच असा होता.

"आलं," ती म्हणाली. "मी त्याला ऐकलं."

"कुठं?"

"रेडिओवर. बेसबॉलच्या मॅचमध्ये. तो गर्दीत ओरडत होता. ती गर्दी तबकडीवरची आहे, साहेब, टॅकोमाची. तबकडी माझ्याकडं आहे."

कारकून खाली पाहून हसला. वकिलाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. न्यायाधीशांनी रुमालात नाक शिंकरलं आणि तिच्याकडं पाहिलं.

"त्या तबकडीवर किती माणसं ओरडतायत, मिसेस झेलेन्का?"

"हजारो असतील."

"आणि त्यातला एक तुमचा."

"हो."

"माझी बायको गेली तेव्हा," ते हळूच म्हणाले, "सहा महिने मला जिन्यात तिची पावलं ऐकू यायची. मी दिवा घेऊन जायचो. माणसाचं मन आहे." मग कारकुनाकडं वळून, "हे लिहून घ्यायची गरज नाही."

"पण मी शपथेवर..."

"तुम्ही खरं तेच सांगितलंत, बाई. आता घरी जा."

शिक्का उठला. व्हेन्सिल झेलेन्का कायद्यानं मेला.

बाहेर हॅल्वोरनं गाडीचं दार उघडून धरलं होतं. ती बसल्यावरही त्यानं गाडी सुरू केली नाही.

"सांगायची काय गरज होती?"

"त्यांनी विचारलं."

"आणि त्यांनी विश्वास ठेवला असता तर?"

"तर आपलं लग्न झालं नसतं," ब्लाझेना म्हणाली. "तुझा बसला का विश्वास?"

हॅल्वोरनं समोरच्या काचेवरचा डाग अंगठ्यानं पुसला. तो डाग बाहेरच्या बाजूनं होता. "पहिल्या दिवसापासून," तो म्हणाला. "म्हणूनच तर भीती वाटत होती."

मेमध्ये त्यांनी त्याच कोर्टात लग्न केलं. ब्लाझेना चर्चमध्ये गेली नाही. कन्फेशनला बसून फादरना काय सांगायचं ते तिला सुचत नव्हतं, आणि न सांगता तिथं गुडघे टेकणं तिला जमलं नसतं. हे तिला आयुष्यभर जड गेलं; रविवारी घंटा वाजली की ती काही ना काही काम काढून माळ्यावर जायची. म्हातारी त्यांच्याबरोबर हॅल्वोरच्या घरी राहायला आली. हॅल्वोरनं तिच्यासाठी खालची, चुलीला लागून असलेली खोली दिली आणि दाराचा उंबरा तासून काढला, तिला ठेच लागू नये म्हणून. नव्या तबकडीवरची गर्दी मऊ होती, एकसारखी, समुद्रासारखी. म्हातारी तरी मॅच ऐकायची, पण चार दिवसांनी एकदा म्हणाली, "हे लोक कोणाचेच नाहीत."

त्या पोराबद्दल ब्लाझेनानं आतापर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं, हॅल्वोरलाही नाही. ते तिनं म्हातारीला सांगितलं पहिलं बर्फ पडलं त्या दुपारी. दुकान चालू होतं, हॅल्वोर तिकडं होता. दोघी चुलीपाशी बसल्या होत्या.

"मामिंको, त्याच्या शेजारी एक मूल होतं."

म्हातारीची बोटं थांबली.

"तबकडीवर. तो ओरडला की ते त्याची नक्कल करायचं. घली ये, पेपिक. तीन वर्षांचं असेल तेव्हा. कोणाचंही असेल म्हणा. बाकावर शेजारी बसलेलं."

"आपल्या भाषेत?"

"आपल्या भाषेत."

"मग कोणाचंही कसं असेल?" म्हातारी म्हणाली. तिचे न दिसणारे डोळे भरून वाहू लागले, आणि तिनं ते पुसले नाहीत. "मुलगा की मुलगी?"

"कळलं नाही. त्या वयात आवाज सारखेच असतात."

दुसऱ्या दिवशी म्हातारीनं हॅल्वोरकडून लाल लोकर मागवून घेतली. ती कशासाठी हे तिनं सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. दिसत नसलं तरी तिच्या हातांना विणकाम पाठ होतं. आठवडाभरात हातमोज्यांची एक जोडी तयार झाली, अंगठा वेगळा आणि बाकी बोटं एकत्र, लहान मुलांचे असतात तसे. ती तिनं मांडीवर ठेवून पुन्हा पुन्हा चाचपली.

ब्लाझेना चुलीत लाकूड सारत होती. ती उठली, एक मोजा उचलला, आपल्या तळव्यावर ठेवून मापला. कुठं पाठवायचे, कोणाला, याला काहीच उत्तर नव्हतं, आणि तिनं तो प्रश्न काढला नाही.

"हे लहान होतील, मामिंको," ती म्हणाली. "सात वर्षांचं झालं असेल ते आता."

म्हातारीनं होकारार्थी मान हलवली आणि मोज्याची शेवटची गाठ शोधून धागा उसवायला सुरुवात केली.